पकडून आणलेला सातेरीचा थवा पेटीत नांदता कसा करावा

सातेरी मधमाश्यांचा थवा पेटीत भरायला अर्धा तास पुरतो. तो त्या पेटीत नांदू लागायला तीन आठवडे लागतात. पुणे परिसरात दिवाळीनंतर फुलोरा वाढू लागला की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत झाडाच्या फांदीला, सोसायटीच्या कुंपणाला, वीजमीटरच्या खोक्यात किंवा उभ्या केलेल्या दुचाकीखालीसुद्धा माश्यांचे घोस लोंबताना दिसतात, आणि असा थवा मारून न टाकता पेटीत घेणाऱ्यांची संख्या आता बरीच वाढली आहे. तरीही नवशिक्यांच्या कित्येक पेट्या चार-पाच दिवसांत रिकाम्या होतात. पकडताना झालेली चूक त्याला क्वचितच कारण असते. बहुतेक वेळा पकडल्यानंतर केलेली उठाठेव नडते. पेटीत सुरक्षित वाटले नाही, खायला कमी पडले किंवा वारंवार छेडले गेले, तर सातेरी बांधलेली पोळी मागे टाकून सगळ्याच्या सगळ्या निघून जातात. युरोपियन मेलिफेरा माशीत हा गृहत्यागाचा स्वभाव फारच कमी आहे, त्यामुळे तिच्यासाठी लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा लावता येत नाहीत.

आधी माशी ओळखावी

लोंबणारा प्रत्येक घोस पेटीत घेण्याजोगा नसतो. उंच इमारतीच्या सज्जाखाली किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठे उघडे पोळे असेल, तर ते आग्या मोहोळ होय. स्थलांतर करणारा आग्याचा थवा वाटेत एखाद्या झाडावरही विसावतो आणि त्या वेळी त्याला पोळे नसते, म्हणून निव्वळ घोस पाहून निर्णय घेऊ नये. आग्या माशी सुमारे पावणेदोन ते दोन सेंटिमीटर लांब असते, तर सातेरी जेमतेम एक सेंटिमीटर. आग्या पेटीत राहत नाही आणि चिडली तर जीवावर बेतते. तिच्या वाटेला जाऊ नये. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढे एकच पोळे बांधणारी बारीक फुलोरी माशीसुद्धा पेटीतली नव्हे. पेटीत नांदते ती अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी.

शहराच्या आसपास पेट्या फिरवणारे मधपाळ मेलिफेरा आणतात, त्यामुळे क्वचित तिचाही थवा हाती लागतो. ती सातेरीपेक्षा अंगाने मोठी असते. दोघींमधला आणखी एक फरक दारात उभे राहून पाहण्यासारखा आहे: पेटीला वारा घालताना मेलिफेराच्या कामकरी माश्या दाराकडे डोके करून उभ्या राहतात, तर सातेरी बाहेरच्या बाजूला डोके करते. मेलिफेराला मोठी पेटी व वेगळ्या मापाच्या चौकटी लागतात. पुढचे सर्व विवेचन सातेरीपुरते आहे.

थवा कोणत्या प्रकारचा आहे हेही पाहावे. भरभराटीच्या वसाहतीतून जुनी राणी घेऊन फुटलेला पहिला थवा पोटभर मध पिऊन निघालेला असतो, बहुधा शांत असतो आणि राणी लगेच अंडी घालू शकते. त्याच वसाहतीतून नंतर फुटणारे थवे लहान असतात आणि त्यांच्यात कुमारी राणी असते. तिचे मीलन अजून व्हायचे असते. घर सोडून आलेला थवा आकाराने मोठा असला तरी बहुधा उपाशी व बिथरलेला असतो. पेटीच्या निदान तीन चौकटी झाकतील इतक्या माश्या असतील, तर थवा स्वतंत्रपणे उभा राहू शकतो. मुठीएवढा थवा वेगळ्या पेटीत जगवण्यापेक्षा दुसऱ्या कमकुवत वसाहतीत मिसळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेटी थव्याच्या आधी तयार हवी

फोन आल्यावर पेटी शोधायला निघणे हे नव्या मधपाळाचे नेहमीचे दुखणे आहे. पेटी जुनी असेल तर खरवडून, आतून ज्योतीने हलकीशी शेकून, उन्हात दोन दिवस ठेवून घ्यावी. त्याने मेणाची पोळी पोखरणाऱ्या मेणपतंगाची अंडी व फटींतल्या अळ्या मरतात. पेटी नवी असेल तर रंग किंवा पॉलिशचा वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नये. रंग फक्त बाहेरून द्यावा. फिनेल, रॉकेल किंवा डासांची औषधे जिथे ठेवली होती अशा खोलीतली पेटी थव्याला सहन होत नाही.

चौकटींवर सातेरीच्याच मापाचा मेणपत्रा, म्हणजे घरांचे ठसे असलेला मेणाचा पातळ पत्रा, लावावा. बाजारात मेलिफेराचा मेणपत्रा सहज मिळतो, पण त्याची घरे मोठी असतात आणि सातेरी त्यावर वेडीवाकडी बांधणी करते. मेणपत्रा मिळालाच नाही तर वरच्या पट्टीच्या खाली मेणाची अरुंद पट्टी चिकटवली तरी भागते. चौकटी मधल्यामध्ये दूर ठेवू नयेत. पोळे व पोळे यांच्यात माश्यांना वावरण्यापुरतीच, सुमारे ७ ते ९ मिलिमीटर जागा त्या मोकळी सोडतात. जास्त अंतर दिसले की तिथे आडवे पोळे बांधून ठेवतात आणि मग एक चौकट उचलताना तीन तुटतात.

थवा थांबावा म्हणून उपयोगी पडणाऱ्या सर्व गोष्टींत पहिला क्रमांक पिल्लांच्या चौकटीचा आहे. आपल्याकडे किंवा ओळखीच्या मधपाळाकडे सातेरीची निरोगी वसाहत असेल, तर तिथून अंडी व लहान अळ्या असलेली एक चौकट, माश्या झटकून, स्वच्छ कापडात गुंडाळून आणावी आणि नव्या पेटीच्या मध्यभागी ठेवावी. उघडी पिल्ले टाकून माश्या सहसा जात नाहीत. या चौकटीचा दुसरा फायदा असा की ती राणीची परीक्षा घेते: थव्यात राणी नसेल तर तीन-चार दिवसांत कामकरी माश्या याच चौकटीवर खाली लोंबणारी राणीची घरे बांधू लागतात, आणि आपल्याला खरी स्थिती कळते. मात्र रोगट वसाहतीतली चौकट आणण्यापेक्षा काहीच न आणणे बरे. आजारी अळ्या कशा दिसतात ते पुढे सांगितले आहे.

जागेची निवड

पेटीवर सकाळचे कोवळे ऊन यावे आणि दुपारी सावली असावी. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, आणि गच्चीवरची फरशी त्याहून कितीतरी तापते. उघड्या गच्चीवर, पत्र्याखाली ठेवलेल्या पेटीतले नवे मेण मऊ होऊन पोळी कोसळतात. दार पूर्वेला किंवा आग्नेयेला, आणि पाठ पश्चिमेला असावी, कारण पावसाळ्यात वारा व झोड पश्चिमेकडून येते. दारासमोर चार-पाच फूट मोकळे असावे व ये-जा करणाऱ्यांची वाट तिथून नसावी. सोसायटीत ठेवायची असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगणे शहाणपणाचे. रात्रभर जळणारा दिवा दारासमोर असेल तर माश्या त्याकडे झेपावत राहतात आणि सकाळी दिव्याखाली त्यांचा खच पडतो.

पेटी दीड-दोन फूट उंचीच्या तिवईवर ठेवून तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. या वाट्यांत डास होतात, आणि महापालिकेचे कर्मचारी साठलेले पाणी तपासत असतात. म्हणून पाण्यावर तेलाचा पातळ थर द्यावा किंवा दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे. तिवईला टेकलेली एक फांदी किंवा गवताची काडीसुद्धा मुंग्यांना पूल म्हणून पुरते. जवळपास माश्यांसाठी उथळ भांड्यात खडे घालून पाणी ठेवावे, नाहीतर त्या शेजाऱ्यांच्या वातानुकूलन यंत्राच्या नळीवर गर्दी करतात.

पेटी कायमची जिथे ठेवायची तिथेच पहिल्या संध्याकाळी ठेवावी. फुटून आलेला थवा जुनी जागा विसरतो, त्यामुळे पकडल्या ठिकाणापासून शंभर पावलांवर ठेवला तरी चालतो. भिंतीतून किंवा मीटरच्या खोक्यातून पोळ्यांसह काढलेल्या वसाहतीचे मात्र तसे नाही; तिच्या माश्यांना जुनी जागा पाठ असते, आणि पेटी निदान दोन किलोमीटर दूर नेली नाही तर चरायला गेलेल्या माश्या जुन्याच भिंतीवर परततात.

पेटीत घेणे

ही कामे दिवस मावळताना करावीत. अंधार पडला की माश्या उडत नाहीत आणि रात्रभरात पेटीच्या वासाला सरावतात. थवा आणताना जाळीची पिशवी किंवा हवा खेळती राहील असे खोके वापरावे. बंद डब्यात, गाडीच्या डिकीत दुपारी ठेवलेला थवा गुदमरून घामेजलेल्या काळ्या लगद्यासारखा होतो आणि मग काही उपाय उरत नाही.

तोंडावर जाळी, अंगात फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हाताशी धूर असावा. धुरासाठी वाळलेली गोवरी किंवा नारळाच्या सोडणाचा काथ्या उत्तम. सातेरीला धूर बेताचाच द्यावा. दोन-तीन फुंकरी पुरतात. जास्त धुराने ती पोळ्यावरून धावत सुटते व राणी सापडणे मुश्किल होते. ज्यांना पूर्वी माशी चावल्यावर अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला, त्यांनी हे काम करूच नये. काम करताना कोणाला असा त्रास झाला तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

पेटीतल्या मधल्या तीन-चार चौकटी काढून जागा करावी, पिशवीचे तोंड आत धरून एकच जोरकस झटका द्यावा आणि चौकटी माश्यांवर न दाबता, त्यांच्याच वजनाने हळूहळू खाली जाऊ द्याव्यात. दुसरी रीत अधिक संथ पण पाहायला सुंदर आहे. दारासमोर पांढरे कापड उताराने पसरून त्यावर थवा ओतला की माश्या वर चढत दारात शिरू लागतात, आणि लांब पोटाची, काळपट राणी त्यांच्यात चालताना दिसू शकते. रीत कोणतीही असो, राणी आत गेल्याची खूण एकच: दाराशी काही माश्या पोट वर उचलून पंखांनी वारा घालू लागतात आणि बाहेरच्या माश्या त्या वासावर आत ओढल्या जातात. उलट पेटी सोडून सगळ्या बाहेरच एका ठिकाणी गोळा होत असतील, तर राणी त्या गोळ्यात आहे असे समजून तो पुन्हा आत घ्यावा.

दाराला राणी-फाटक लावावे की नाही, यावर मधपाळांत वाद आहेत. त्यातून कामकरी जातात, राणी अडकते, म्हणून थवा पळू शकत नाही. पिल्लांची चौकट मिळाली असेल तर फाटकाची गरज नाही असे मला वाटते. ती नसेल तर लावावे, पण चार-पाच दिवसांनी आठवणीने काढावे. राणी कुमारी असेल तर मीलनासाठी तिला बाहेर जावेच लागते, आणि विसरलेले फाटक थव्याचा वंश खुंटवते.

भिंतीतून काढलेल्या वसाहतीची पिल्लांची पोळी चौकटीच्या मापाने कापून, वरची बाजू वरच ठेवून, केळीच्या सोपाने किंवा सुती दोऱ्याने चौकटीत बांधावीत. माश्या दोन-तीन दिवसांत पोळे चौकटीला जोडतात आणि पुढे दोरा कुरतडून टाकतात. मधाने भरलेले पोळे मात्र पेटीत बांधू नये. ते जड असल्याने तुटते, मध ओघळतो, आणि मुंग्या व परक्या माश्या यांना आमंत्रण मिळते.

खाद्य

नव्या थव्याला मेण तयार करायचे असते, आणि मेणासाठी साखर लागते. एक भाग साखर व एक भाग पाणी या प्रमाणात पाक करावा: पाणी उकळून उतरवावे, त्यात साखर विरघळवावी आणि पूर्ण थंड झाल्यावर द्यावा. पाक करपू देऊ नये. गूळ, काकवी किंवा बाजारातला मध देऊ नये. गुळाने माश्यांचे पोट बिघडते आणि परक्या मधातून रोग येतात. पहिल्या संध्याकाळपासून रोज सुमारे २०० मिलिलिटर पाक, अंधार पडल्यावर, पेटीच्या आत द्यावा. नारळाच्या करवंटीत पाक ओतून त्यावर बारीक काड्या तरंगत ठेवल्या की माश्या बुडत नाहीत. सकाळी उरलेला पाक काढून घ्यावा. पाक दिवसा दिला किंवा पेटीवर सांडला, तर शेजारच्या वसाहती लुटायला येतात. जवळ मेलिफेराच्या पेट्या असतील तर सातेरीचा नवा थवा त्यांच्यापुढे टिकत नाही. दारही एक-दोन माश्या जातील इतकेच अरुंद ठेवावे.

पहिले तीन आठवडे

पेटीच्या झाकणावर खडूने तारीख लिहावी आणि पहिले तीन दिवस झाकण उघडू नये. खाद्य देताना आतले झाकण जरा सरकवले तर तेवढे पुरे. बाकी पाहणी दारातून करावी, आणि दार बरेच काही सांगते. मागच्या पायांवर पिवळे-नारिंगी परागाचे गोळे घेऊन माश्या आत जाऊ लागल्या की थवा रमू लागला, असे धरून चालावे, कारण पराग पिल्लांसाठी लागतो. पेटीला बोटाने हलकेच टिचकी मारली तर निरोगी सातेरी एकदम ‘सूंऽऽ’ असा एकसाथ आवाज काढून क्षणात गप्प होते. राणी नसलेल्या वसाहतीचा आवाज रेंगाळतो व त्यात एक प्रकारचा आक्रोश असतो. थोड्या सवयीने तो ओळखता येतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी, ऊन पडल्यावर पण कडक होण्याआधी, पेटी एकदा उघडावी. नवे पोळे पांढरेशुभ्र असते. ते उन्हाकडे धरून घरांच्या तळाशी पाहावे: तांदळाच्या कणीहून बारीक, उभे चिकटलेले अंडे दिसले की राणी शोधण्याची गरज नाही. एका घरात एकच अंडे, तळाच्या मध्यभागी, हे चांगले लक्षण. चौकटी वाकड्या बांधल्या जात असतील तर याच वेळी सरळ कराव्यात, पुढे मेण कडक होते. पाच-सात मिनिटांत पेटी बंद करावी.

त्यानंतर आठवड्यातून एकदाच पाहणी. अंडे तीन दिवसांनी फुटते, अळी पुढचे पाच-सहा दिवस वाढते आणि मग घराला मेणाची टोपी बसते. म्हणून दहाव्या-बाराव्या दिवशी टोपीबंद पिल्लांचा सलग पट्टा दिसायला हवा. कामकरी माशी अंड्यापासून बाहेर पडायला सुमारे तीन आठवडे लागतात. याचा एक अर्थ नवशिक्यांच्या लक्षात येत नाही: या काळात जुन्या माश्या रोज मरत असतात आणि नवी एकही येत नाही, त्यामुळे थवा डोळ्यांदेखत घटतो. त्याने घाबरून रोज पेटी उघडण्यापेक्षा मोकळ्या चौकटी काढून, विभाजक फळी सरकवून, माश्या जेवढ्या चौकटी झाकतात तेवढीच जागा ठेवावी. पिल्लांना ऊब मिळते, आणि माश्या न बसलेल्या पोळ्यात शिरणारा मेणपतंगही दूर राहतो.

दोन-अडीच आठवडे झाले तरी अंडी नसतील, किंवा एका घरात दोन-तीन अंडी विस्कळीत टाकलेली असतील आणि टोप्या उंच घुमटासारख्या दिसत असतील, तर राणी गेली असे समजावे. विस्कळीत अंडी असतील तर ती कामकरी माश्याच घालत आहेत. त्यातून फक्त नर निघतात. सातेरीत ही अवस्था लवकर येते. नर-घराच्या टोपीला मध्ये बारीक छिद्र असते, हीही ओळखण्याची खूण. अशा वेळी पिल्लांची चौकट देऊन पाहावे, अन्यथा उरलेल्या माश्या दुसऱ्या वसाहतीत मिसळाव्यात.

घर सोडण्याच्या तयारीची लक्षणे आठवडाभर आधी दिसतात. पराग येणे थांबते, अंडी दिसेनाशी होतात, साठवलेला मध कमी होत जातो आणि टोपीबंद पिल्ले बाहेर पडण्याची वाट पाहत वसाहत थांबते. कारण शोधून दूर करावे. ते बहुधा चारपैकी एक असते: ऊन, उपासमार, मुंग्या किंवा मेणपतंग. कारण दूर करूनही पेटी सुस्त राहिली, तर पुन्हा एक उघड्या पिल्लांची चौकट आणि सलग काही रात्री पाक, हाच उपाय.

शत्रू आणि आजार

मेणपतंगाची अळी पोळ्यात जाळीदार बोगदे करते. तळपाटावरचा मेणाचा भुगा हे तिचे खाद्य, म्हणून तळपाट दर आठवड्याला पुसून घ्यावा. गांधीलमाश्या दाराशी टपून माश्या उचलतात. आसपासची त्यांची घरटी शोधून काढावीत. वेडा राघू तारेवर बसून काही माश्या टिपणारच, त्याचे फार वाटून घेऊ नये.

थाई सॅकब्रूड हा सातेरीचा सर्वांत घातक विषाणूजन्य रोग. अळी घरात ताठ पडून पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते, तिचे टोक वर वळते व चिमट्याने उचलता येते. यावर औषध नाही. ती पेटी वेगळी करावी, तिच्या चौकटी व अवजारे दुसरीकडे वापरू नयेत. नव्या थव्यात असे दिसले तर शिवाजीनगरजवळ गणेशखिंड रस्त्यावर असलेल्या, १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत सल्ला घ्यावा. मधमाशीपालनाचे प्रशिक्षणही तिथे मिळते.

डासांसाठी रस्त्यावरून धूर फवारणी होणार असे कळले, तर संध्याकाळी माश्या परतल्यावर दाराला बारीक जाळी लावावी, हवा खेळती ठेवावी आणि सकाळी जाळी काढावी.

मधाची घाई

पिलावा कोठीतल्या, म्हणजे पिल्ले वाढतात त्या खालच्या भागातल्या, सर्व चौकटी माश्यांनी भरल्याशिवाय वर मधकोठी, म्हणजे मध साठवायचा मजला, चढवू नये. फेब्रुवारीत पकडलेला थवा जांभूळ, करंज व शिरीष यांच्या फुलोऱ्यात एप्रिलपर्यंत मधकोठी भरू शकतो. मार्चअखेर मिळालेल्या थव्याकडून त्या वर्षी मधाची अपेक्षाच ठेवू नये. मध काढलाच तर फक्त मधकोठीतला काढावा. पिलावा कोठीच्या वरच्या भागातला मध हा वसाहतीचा पावसाळ्याचा शिधा आहे. जून ते ऑगस्ट फुले कमी आणि उडायला उसंत नाही, अशा दिवसांत मुळशी-वेल्ह्याकडच्या पेट्या मोठ्या संख्येने रिकाम्या होतात. त्या काळात मधकोठी उतरवून ठेवावी, पेटी दाराच्या बाजूने किंचित कलती करावी म्हणजे आत पाणी साचत नाही, झाकणावर वजन ठेवावे आणि आठवड्यातून दोनदा, या वेळी दोन भाग साखर व एक भाग पाणी असा घट्ट पाक द्यावा. सप्टेंबरात ऊन-पावसाचा खेळ सुरू होऊन रानात सोनकी फुलली की पाक बंद करावा आणि काढून ठेवलेल्या चौकटी एकेक करून परत द्याव्यात.